पाय आंबलेत की थकवा साचलाय?

सुब्रतो कप किंवा शालेय फुटबॉल स्पर्धा लागल्या की सांगली-मिरजेकडच्या पोरांना चार दिवसांत तीन सामने पडतात, कधी एकाच दिवशी दोन. त्यात पावसाळा, काळी माती स्टडला चिकटून पाऊल जड होतं. मग ‘सर, पाय गेलेत’ ही एकच तक्रार येते, पण तिच्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पाय आंबतात ते स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झाल्यामुळे. वेगात पळताना एकदम थांबणं, वळणं यांतून ती होते. लॅक्टिक अ‍ॅसिडचा इथे संबंध नाही, ते तासाभरात निघून जातं. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. पोरगं मांडीवर, पोटरीवर हात ठेवून जागा दाखवतं आणि दहा मिनिटं वॉर्मअप केला की मोकळं होतं. त्याला १५-२० मिनिटं हलकं जॉगिंग द्या, स्प्रिंट नको. पाय जोरात रगडूही नका.

साचलेल्या थकव्याला दाखवायला जागाच नसते. वॉर्मअपनंतरही पाय उठत नाहीत, झोप मोडते, भूक मरते, चिडचिड वाढते. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा: नेहमीपेक्षा ५-१० ठोके जास्त, तेही सलग दोन-तीन दिवस, तर सावध व्हा. ताप-सर्दीनेही नाडी वाढते, ते आधी विचारा. भिंतीशी उभं करून बोटाला खडू लावून उडी मारायला लावा. विश्रांतीच्या आठवड्यात ४० सेंटिमीटर उडणारा ३६ वर अडकला आणि वर ही लक्षणंही असली, तर पुढच्या सामन्यात त्याला बसवा, फार तर शेवटची २० मिनिटं द्या.

नेमकं इथेच उलटं होतं. लंगडत चालणारा बाकावर बसतो आणि ‘काही दुखत नाही’ म्हणणारा हुकमी स्ट्रायकर तिन्ही सामने पूर्ण खेळतो. दुखत नाही म्हणजे ताजा आहे, असं धरूच नका.

खाणं-झोप दोघांनाही लागते. ४५ किलोच्या पोराला सामन्यानंतर अर्ध्या तासात एक केळं, मूठभर तासगावचे बेदाणे आणि पेलाभर दूध. रात्री भात-वरण, अंडी. झोप आठ ते दहा तास. सामन्यात वजन अर्धा किलो घटलं असेल तर पाऊण लिटर पाणी, थोडं थोडं करून.

वेदनाशामक गोळी देऊन मात्र मैदानात उतरवू नका. गुडघ्याच्या वाटीखाली एकाच ठिकाणी बोट ठेवून दुखत असेल, सूज असेल, तर यातलं काहीच नाही. वाढीच्या वयात हाडाला तिथे ताण येतो. डॉक्टरांना दाखवा.