चामड्याच्या म्यानात चाकू गंजत नाही? उलट आहे

चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या चाकूला गंज धरत नाही, हे कित्येक वर्षं फिरतंय आणि ते साफ चूक आहे. चामडं हवेतली ओल शोषतं आणि पात्याला लावून ठेवतं, त्यात क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असेल तर उरलेले क्षार गंजाला मदतच करतात, म्हणून चांगले कारागीर झाडपाल्यानं कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला बाभूळ-हिरड्याचं असतं तसलं चामडं घेतात, पण त्यातलं टॅनिनसुद्धा (झाडाच्या सालीतलं, चामडं कमावणारं द्रव्य) ओल लागली की कार्बन स्टीलवर काळे डाग पाडतं.

आणि म्यानावर पाकटाच्या (चपटा समुद्री मासा, कातडीवर दाणे असतात) कातडीचा इनले, म्हणजे शोभेचा जडवलेला तुकडा असला तरी यात फरक पडत नाही, तो पात्यापर्यंत पोचतच नाही. वरच्या थरात खिडकी कापतात, पाकट मागून चिकटवून कडेनं शिवतात (दाणे इतके कडक की सुई मोडते, म्हणून शिलाईच्या रेषेवरचे आधी घासून काढायचे), मग आतून अस्तर. काय देखणं दिसतं ते! सापाच्या कातडीच्या नादी मात्र लागू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो व्यापार बंद आहे.

म्यान चाकू कमरेला नेण्यासाठी. घरी आलात की पातं पुसा, तेलाचा हात फिरवा, चाकू बाहेरच ठेवा.