पांढरा पासपोर्ट, मरून पासपोर्ट: इंदूरहून अर्ज करताना

भारतीय पासपोर्ट तीन प्रकारचे: निळा साधारण, पांढरा शासकीय आणि मरून राजनैतिक. मरून पासपोर्ट परराष्ट्र सेवेतले अधिकारी, केंद्रीय मंत्री, खासदार अशांना मिळतो. इंदुरात चौकशी होते ती बहुधा पांढऱ्याची. इथल्या राजा रामण्णा या सरकारी संशोधन केंद्रातल्या कुणाला सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या कामासाठी जिनिव्हाला जायचं असतं, तेव्हा घरात हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो. निकष एकच बघायचा: सरकारी आदेशाने, सरकारी कामासाठी निघालात का? पद कितीही मोठं असो, मुलीकडे अमेरिकेला जायला निळाच.

फॉर्म पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरायचा. तिथे डिप्लोमॅटिक आणि ऑफिशियलचा पर्याय वेगळा आहे. छापील प्रत दिल्लीला पतियाळा हाउसमधल्या वाणिज्यदूत, पासपोर्ट व व्हिसा विभागात किंवा आपल्या भागाच्या पासपोर्ट कार्यालयात, म्हणजे आपल्यासाठी भोपाळला, द्यायची.

सोबत लागतं ते असं: कार्यालयप्रमुखाचं प्रमाणपत्र, अधिकृत अधिकाऱ्याचं अग्रेषण पत्र (अर्ज पुढे पाठवत असल्याचं पत्र), ओळखपत्राची प्रत, दौऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी (पोलिटिकल क्लिअरन्स) आणि निळा पासपोर्ट कार्यालयात जमा केल्याचा दाखला. अर्ज अडकतो तो बहुतेक या शेवटच्या दाखल्यापायी. दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी जवळ ठेवता येत नाहीत, पण निळा घरच्या कपाटात आहे हे लोकांना आयत्या वेळी आठवतं. राहण्याजेवणाचा खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर 2010 च्या परकीय योगदान कायद्याखाली गृह मंत्रालयाची परवानगीही आधीच घ्यावी लागते.

दुसरी अडचण खास मराठी नावांची. निळ्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, कार्यालयाच्या ओळखपत्रावर नुसती आद्याक्षरं. पासपोर्टला आद्याक्षरं चालत नाहीत. अर्जाआधीच ओळखपत्र दुरुस्त करून घ्या.

पासपोर्ट हातात आला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. परराष्ट्र मंत्रालयाकडून व्हिसा नोट, म्हणजे व्हिसासाठीचं अधिकृत पत्र, घेऊन ती त्या देशाच्या दूतावासात द्यावी लागते. काही देशांशी व्हिसामाफीचे करार आहेत, पण मरूनला माफी आहे म्हणून पांढऱ्यालाही असेलच असं धरू नका.

आणि अटकेपासून संरक्षण? ते पासपोर्टच्या रंगातून येत नाही. 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार ते नेमणुकीतून आणि यजमान देशाच्या मान्यतेतून येतं. भारतात त्यासाठी 1972 चा कायदा आहे. आपल्या रेसिडेन्सी भागाचं नाव ज्याच्यामुळे पडलं तो इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट काय, किंवा मराठी दरबारांचे वकील म्हणजे दूत काय, समोरच्या दरबाराने मानलं तरच त्यांचा मान. वाणिज्यदूतांना तर 1963 च्या वेगळ्या कराराखाली मर्यादित, मुख्यतः कार्यालयीन कामापुरतंच संरक्षण असतं. म्हणूनच 2013 मध्ये न्यूयॉर्कला भारताच्या उपमहावाणिज्यदूतांना अटक होऊ शकली. पुढे भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कायम मिशनवर केली, आणि पूर्ण राजनैतिक दर्जा त्यांना तिथे मिळाला.

दौरा संपला की पांढरा पासपोर्ट कार्यालयात जमा करा, जमा केल्याचा दाखला घ्या आणि मगच निळा परत मागा. हा दाखला जपून ठेवा; पुढच्या दौऱ्याच्या अर्जाला तोही जोडायचा असतो.