सिंक जॉब आणि ड्रिफ्ट चेक: एकाच फाइलीत कोंबू नका

रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) अपस्ट्रीम स्पेसिफिकेशनशी, म्हणजे बाहेरच्या मूळ प्रकल्पाने ठरवलेल्या तपशिलाशी, जुळता ठेवायचा म्हटलं की सीआयमध्ये (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) बहुतेक वेळा एकच जॉब लिहिला जातो: ताजी फाइल उतरवा, तिच्यावरून कोड जनरेट करा, फरक निघाला तर बिल्ड लाल, म्हणजे नापास. यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. आपल्याकडच्या स्पेकवरून हाच कोड निघतो का, हे ड्रिफ्ट चेक विचारतो. अपस्ट्रीम पुढं गेलंय का, हे सिंक जॉब.

युनिकोडचे (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे) तक्ते वापरणारी लायब्ररी घ्या. १६.० आवृत्ती १० सप्टेंबर २०२४ला आली, ५,१८५ नवी अक्षरं घेऊन. चेक जर ‘लेटेस्ट’ फोल्डरमधून डेटा ओढत असेल, तर त्या दिवशी रीडमीतलं शुद्धलेखन सुधारणाऱ्याचाही पीआर (बदल सामावून घ्यायची विनंती) लाल होणार. हे अन्यायाचं आहे, आणि लाल बिल्डकडे दुर्लक्ष करायची सवय इथूनच लागते.

म्हणून ड्रिफ्ट चेकने स्पेक आणायला नेटवर जाऊच नये. डेटा रेपोतच कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा. शेजारी एका छोट्या फाइलीत आवृत्ती आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा). आवृत्ती वेगळी लिहावीच लागते, कारण ‘युनिकोडडेटा’ या मुख्य फाइलीला शीर्षओळ नसते. ‘ळ’ची ओळ थेट ०९३३ने सुरू होते, पुढे नाव, वर्ग, असे अर्धविरामांनी तोडलेले १५ रकाने, आवृत्तीचा उल्लेख कुठेच नाही. चेक प्रत्येक पीआरवर चालतो, त्याला फक्त वाचायची परवानगी पुरते. जनरेटर पुन्हा चालवा आणि ‘गिट स्टेटस --पोर्सिलेन’चं आउटपुट रिकामं आहे का ते बघा. नुसत्या ‘गिट डिफ’ला नव्याने तयार झालेली, ट्रॅक न केलेली फाइल दिसत नाही. जनरेटर आउटपुटमध्ये आजची तारीख छापत असेल किंवा मॅपच्या कीज सॉर्ट करत नसेल, तर हा चेक विनाकारण लाल होत राहील.

सिंक जॉब वेळापत्रकावर चालतो, त्याला लिहायची परवानगी लागते, आणि त्याने पीआर उघडावा. मेनवर (मुख्य ब्रँचवर) थेट पुश कधीच नाही. ब्रँचचं नाव कायम एकच ठेवा, म्हणजे दर आठवड्याला नवा पीआर न साचता जुनाच अपडेट होतो. उतरवताना ‘कर्ल’ या डाउनलोड करणाऱ्या कमांडला ‘-एफ’ (लहान लिपीतला) द्या, नाहीतर ४०४चं एचटीएमएल पान डेटा म्हणून कमिट होईल.

गिटहब अ‍ॅक्शन्स या सीआय सेवेचा क्रॉन (वेळापत्रकाची ओळ) सहसा यूटीसीत लिहिला जातो: ‘१७ ३ * * १’ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ८:४७. ठोक्याच्या वेळी गर्दी असते, रन रेंगाळतो; म्हणून १७वं मिनिट. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर वेळापत्रक बंद केलं जातं, आणि संथ चालणाऱ्या रेपोला नेमका याचाच फटका बसतो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती टोकनची (जॉबला परवानगी देणाऱ्या किल्लीची) अडचण. नेहमीच्या ‘गिटहब टोकन’ने उघडलेल्या पीआरवर बाकीचे वर्कफ्लो आपोआप धावत नाहीत, म्हणजे सिंकने आणलेला बदल ड्रिफ्ट चेकमधून जातच नाही. चेक सक्तीचा असेल तर पीआर अडकून पडतो. नसेल तर न तपासताच मर्ज होतो. सिंक जॉबला गिटहब अ‍ॅपचं टोकन द्या, चेक लगेच सुरू होतात.