भातखाचरातला मिथेन

भाताच्या वावरात पाणी तुंबून राहिलं की खालच्या चिखलात मिथेन वायू तयार होतो आणि हवेत जातो. भात मिथेन सोडतो असं सगळे म्हणतात, पण वायू बनवतात चिखलातले सूक्ष्मजीव, रोप त्याला फक्त वाट करून देतं. माणसाच्या कामधंद्यातून जगभर जेवढा मिथेन हवेत जातो त्यातला साधारण 8 ते 10 टक्के भातशेतीचा धरतात. 100 वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या जवळपास 28 पट तापवतो, 20 वर्षांच्या हिशोबात 80 पटीच्या आसपास. पण हवेत तो 12 एक वर्षंच टिकतो, त्यामुळे आज कमी केला तर त्याचा फरक आपल्याच हयातीत दिसेल, आणि म्हणूनच ह्या विषयाकडे नीट बघायला पाहिजे.

चिखलणी करून पाणी बांधलं की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, वरची हवा खाली फार हळू उतरते, आणि मातीत जो काही ऑक्सिजन उरलेला असतो तो मुळं आणि जिवाणू थोड्याच वेळात संपवून टाकतात. मग जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात, ते संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि हे सगळं सरत आलं की मिथेनोजेन नावाच्या जिवांची पाळी येते. हे ऑक्सिजनमध्ये तगत नाहीत, कुजणारा पेंढा, धसकटं, मुळांतून पाझरणारी साखर ह्यांवर शेवटचा हात मारतात आणि मिथेन सोडतात. जिथं मातीत लोह भरपूर आहे तिथं ही पाळी उशिरा येते, महाबळेश्वर-पाटणच्या वरच्या अंगाची तांबडी जांभा माती तशीच आहे.

तयार झालेला सगळाच वायू वर येत नाही, मुळांभोवती आणि पाण्याखालच्या मातीच्या पातळ थरात थोडा ऑक्सिजन असतो, तिथले दुसरे जिवाणू बराचसा मिथेन खाऊन टाकतात. जो सुटतो तो थोडा बुडबुड्यांनी सुटतो, पण मोठा वाटा, कधीकधी 90 टक्क्यांपर्यंत, भाताच्या देठातल्या पोकळ नळ्यांतून जातो. ह्या नळ्या मुळांना हवा पोचवायला असतात, त्यांच्याशिवाय भात पाण्यात जगलाच नसता.

साताऱ्यात भात पिकतो तो पश्चिमेला, जावळी, महाबळेश्वर, पाटण, वाईचा घाटाकडचा भाग. सांगलीत शिराळा हाच भाताचा तालुका, जत-आटपाडीकडे एवढं पाणीच नाही. दोन्हीकडे भातच, पण पद्धत एक नाही, आणि मिथेनच्या बाबतीत खरा फरक तिथंच पडतो. पाटण-जावळीकडं तरवा, म्हणजे रोपवाटिका, टाकायचा, पाऊस धरला की चिखलणी करून रोपं लावायची, म्हणजे पाणी आधी आणि भात नंतर. शिराळ्यात धूळवाफ, मे महिन्यात कोरड्या धुरळ्यातच कुरीनं (पाभरीसारख्या पेरणीच्या अवजारानं) पेरून मोकळं व्हायचं, पाऊस आला की उगवतं. चिखलणी नाही म्हणून मातीचा थर घट्ट बसत नाही, पाणी मुरत राहतं आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे मुळांशी हवा असते. जुलैच्या झडीत सखल खाचरांत पाणी साचतं तेव्हा तिथंही मिथेन होतोच, पण लावणीच्या खाचराइतका वेळ नाही. आज शास्त्रज्ञ कोरड्या पेरणीचा भात मिथेनवर उपाय म्हणून सांगतात आणि आमच्याकडं शिराळ्याच्या वारणा खोऱ्यात ती जुनी वहिवाट आहे, ह्याची नोंद कुठंतरी व्हायलाच पाहिजे. तिची किंमत तणात मोजावी लागते, कोळपणी आणि भांगलण करता करता बायकांची कंबर मोडते, तेही लिहायला हवं.

हा फरक न बघता भारताला सरसकट दोष दिला गेला होता. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या भातातून वर्षाला सुमारे 3 कोटी 78 लाख टन मिथेन जातो असं धरलेलं. मग 1991 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा ह्यांच्या पुढाकाराने देशात ठिकठिकाणी खाचरांवर बंद पेट्या ठेवून प्रत्यक्ष वायू मोजला, आकडा आला साधारण 40 लाख टन. आधीचा अंदाज दुसरीकडची मोजमापं इथं लावून काढलेला होता. आपल्याकडचा पुष्कळ भात पावसावरचा, कुठं पाणी तुंबतं कुठं तुंबतच नाही, आणि पाणी न तुंबणाऱ्या वरकस भाताचा मिथेन तर आंतरराष्ट्रीय हिशोबातही शून्य धरतात. गुरांच्या रवंथातून आपल्या देशात भातापेक्षा कितीतरी जास्त मिथेन जातो.

उपायांत सगळ्यात गाजलेला म्हणजे आळीपाळीनं ओलं-कोरडं करणं. खाचरात भोकं पाडलेला पाईप रोवायचा, पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटर उतरलं की परत भरायचं, फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही. मिथेन तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत कमी होतो, पाणीही वाचतं. पण हे कालव्याच्या किंवा मोटारीच्या पाण्यावर जमतं. घाटाखालच्या गावात जुलैत आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही, तिथं खाचर कोरडं करा म्हणून सांगणं म्हणजे शेतकऱ्याची अवस्था न बघता सांगणं आहे.

तिथं हातात राहतं ते काडीकचरा. ताजा पेंढा किंवा हिरवा पाला चिखलणीच्या तोंडावर गाडला की मिथेनोजेनांना आयतं खाद्य मिळतं, तोच पेंढा सुगीनंतर लगेच गाडला किंवा कंपोस्ट करून घातला तर वायू बराच कमी होतो. डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्री ह्या भातलागवडीच्या पद्धतीत गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलणीआधी घालतात, जमिनीला तो चांगलाच, पण मिथेनच्या अंगानं तो थोडा लवकर पडून कुजलेला बरा.

आणखी एक अडचण, खाचर ओलं-कोरडं होत राहिलं की युरियातून नायट्रस ऑक्साईड जास्त सुटतो, तो तर कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 273 पट तापवतो. चारसूत्रीतल्या युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताच्या दाबून केलेल्या गोळ्या, इथं उपयोगी पडतात, लागणीनंतर चौकोनात लावलेल्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध चिखलात खोल खोचल्या की नत्र वाया कमी जातं. शिराळ्याच्या कुरीनं पेरलेल्या वावरात चुडांचा चौकोनच नसतो, तिथं युरिया हप्त्याहप्त्यानं, भांगलण झाल्यावर देणं हेच जमण्यासारखं आहे.