नजरेची चूक, नियमाची चूक आणि बदली पंच

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना हरला की हरलेल्या बाजूच्या गॅलरीला पंचाबद्दल एकच शब्द सुचतो : 'सेटिंग'. मग लाइनमनचा ऑफसाइड हुकलेला असो, नाहीतर पेनल्टीनंतर भलतीच फ्री किक दिलेली असो. रात्री तालमीच्या कट्ट्यावर "डोळं फुटलं हुतं काय त्येचं" इथून सुरू झालेली चर्चा "किती घेतलं आसतील" इथं जाऊन थांबते. लबाडीचा विषय बाजूला ठेवू, तो वेगळाच. पण प्रामाणिक पंचाच्या हातूनही दोन जातींच्या चुका होतात. ऐनवेळी उभा केलेला नवखा पंच सामन्याचं नेमकं काय बिघडवतो हे कळायचं तर त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली नजरेची. मैदानात घडलं एक, पंचाला दिसलं दुसरंच किंवा काहीच नाही. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाचा हात पंचाला दिसला नाही. २००९ मध्ये वर्ल्ड कप पात्रतेच्या शेवटच्या लढतीत फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीनं हातानं चेंडू अडवून पास दिला, गोल झाला आणि आयर्लंड बाहेर गेलं. आयर्लंडनं सामना पुन्हा खेळवा म्हणून फिफाकडे मागणी केली, ती फेटाळली गेली. कारण खेळातल्या घटनेबद्दल पंचानं दिलेला निर्णय अंतिम, असं फुटबॉलचा नियम क्रमांक ५ सांगतो. दिसलं नाही, विषय संपला. हे दोन्ही पंच नवशिके नव्हते, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी चूक नियमाची. पंचाला दिसतं बरोबर, पण दिसलेल्यावर तो चुकीचं कलम लावतो. याचं सगळ्यात झकास उदाहरण ताश्कंदचं आहे. सप्टेंबर २००५, वर्ल्ड कप पात्रता, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. उझबेकिस्तान १-० नं पुढे आणि त्यांनाच पेनल्टी. फटका बसायच्या आधीच त्यांचा एक खेळाडू डीमध्ये (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात) घुसला, चेंडू मात्र जाळीत गेला. पंचानं घुसखोरी बरोबर पकडली. तेव्हाचा नियम काय होता? मारणाऱ्या संघाचा खेळाडू आधी घुसला आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा मारायची. गोल झाला नाही, तरच विरुद्ध संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही ती. पंचानं गोल रद्द केला आणि बहारीनला फ्री किक दिली. म्हणजे दुसऱ्या प्रसंगाचं कलम पहिल्या प्रसंगाला लावलं.

सामना १-० असाच संपला. जिंकलेल्या उझबेकिस्ताननंच तक्रार केली, आम्हाला ३-० असा निकाल द्या म्हणून. फिफानं चूक मान्य केली, पण ३-० देण्याऐवजी अख्खा सामनाच रद्द करून पुन्हा खेळवला. तो सुटला १-१. मग बहारीनमध्ये ०-०. दोन्ही सामने मिळून बरोबरी, म्हणून परक्या मैदानावर केलेल्या एका गोलाच्या जोरावर बहारीन पुढे गेलं. हातातला विजय अर्ज करून घालवला म्हणायचं.

दहा वर्षांनी तेच कलम, तीच चूक. २०१५ मध्ये मुलींच्या १९ वर्षांखालील युरोपियन पात्रता स्पर्धेत इंग्लंड नॉर्वेविरुद्ध १-२ नं मागे होतं. भरपाई वेळेत मारलेल्या पेनल्टीवर गोल झाला, पंचानं घुसखोरीसाठी तो रद्द केला आणि नॉर्वेला फ्री किक दिली. युरोपातल्या फुटबॉलची संघटना युएफा, तिनं पाच दिवसांनी दोन्ही संघ पुन्हा मैदानात उतरवले आणि फक्त उरलेले १८ सेकंद खेळवले, पेनल्टीपासून. इंग्लंडनं गोल केला, २-२. नजरेच्या चुकीला अशी दाद मिळालेली सहसा दिसत नाही.

आता बदली पंच. या प्रश्नाचा भलामोठा प्रयोग अमेरिकेत झाला, तोही त्यांच्या फुटबॉलमध्ये, जो बहुतांशी हातानं खेळतात. २०१२ मध्ये तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा पंचांशी करारावरून वाद झाला. लीगनं नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवलं आणि कॉलेज-शाळांच्या खालच्या पातळीवरचे पंच आणून हंगाम सुरू केला. २४ सप्टेंबरला सिएटल आणि ग्रीन बे यांच्या सामन्यातल्या अगदी शेवटच्या चेंडूवर दोन खेळाडूंनी एकदमच झेप घेतली. शेजारी उभ्या दोन पंचांपैकी एकानं हात वर करून गुण दिले, दुसऱ्यानं वेगळाच इशारा केला. सिएटल १४-१२ नं जिंकलं, देशभर बोंबाबोंब झाली आणि दोन दिवसांत जुन्या पंचांशी तडजोड झाली.

पण मला विचाराल तर ती गाजलेली चूक नजरेची होती आणि कसलेल्या पंचाकडूनही झाली असती. नवखेपण उघडं पडलं ते त्याआधीच. पहिल्याच आठवड्यात सिएटलला एका डावार्धात चौथा टाइमआउट (संघानं मागून घेतलेली छोटी विश्रांती) दिला गेला, मिळतात तीनच. तिसऱ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रशिक्षकाला, टाइमआउट शिल्लक नसताना, दोनदा निर्णयाला आव्हान देऊ दिलं. दोन्ही वेळा फुकटचा फायदा मिळालेला संघ हरला, म्हणून फारसा गवगवा झाला नाही.

न्यायाच्या दृष्टीनं मला हीच चूक जास्त टोचते. डोळा चुकण्याचा धोका दोन्ही संघांच्या डोक्यावर सारखाच असतो. चौथा टाइमआउट मात्र त्या खेळात अस्तित्वातच नसतो, तो एकालाच मिळतो. नवख्याकडून असं होतं कारण हे प्रसंग क्वचित येतात. फाऊल, थ्रो, कॉर्नर रोजचे, ते अंगवळणी पडतात. पेनल्टीवरची घुसखोरी पुस्तकात वाचलेली असते, हजारोंच्या आरडाओरड्यात ते पान आठवत नाही. शिवाय नवखा चेंडूमागे धावतो, कोनात उभा राहत नाही, त्यामुळे नजरेच्या चुकाही वाढतात. पण अनुभव म्हणजे कवच नव्हे. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडच्या नावाजलेल्या पंचानं क्रोएशियाच्या एकाच खेळाडूला तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्या कार्डालाच बाहेर काढायचं, ते राहिलं.

कधी कधी संघाचीही गफलत होते. मार्च २०२३ मध्ये आयएसएल या भारतातल्या फुटबॉल लीगच्या बाद फेरीत सुनील छेत्रीनं केरळची भिंत लागायच्या आतच फ्री किक जाळीत मारली. केरळचा संघ मैदान सोडून गेला. झटपट फ्री किकला नियमात मुभा आहे. त्यांचा प्रोटेस्ट, म्हणजे निकालाविरुद्धची तक्रार, फेटाळला गेला आणि चार कोटींचा दंड बसला.

आपल्याकडे चिडलेल्या कार्यकर्त्यानं लिहिलेला प्रोटेस्ट बहुधा असा असतो : 'पेनल्टी नव्हतीच, पंचानं अन्याय केला.' तो टिकणार नाही, कारण तिथं तुमचे डोळे विरुद्ध पंचाचे डोळे. लिहायचंच तर असं लिहा : कितव्या मिनिटाला, पंचानं कशासाठी शिट्टी मारली, त्यानंतर खेळ कशानं सुरू केला आणि नियमानं कशानं सुरू व्हायला हवा होता. या चारांतलं शेवटचं लिहिता येत नसेल, तर कागद खिशात ठेवा आणि कट्ट्यावर चला.