गर्भाशय वयाने थकतं की वेतांनी (म्हणजे बाळंतपणांनी)? या प्रश्नामागची गोष्ट

वय झालेलं जनावर लवकर गाभण राहत नाही हे गुरं पाळणाऱ्यांना कायमच माहीत होतं, पण आत नेमकं काय बदलतं ते बघायचं तर जनावर मरेपर्यंत थांबावं लागायचं. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या शिकारीतल्या हरिणींची गर्भाशयं त्याचा वैद्य विल्यम हार्वेने कापून बघितली, १६५१ मध्ये त्यावर पुस्तक आलं, माजाचा हंगाम सुरू होऊन कित्येक आठवडे झाले तरी आत काहीच सापडत नाही म्हणून तो चक्रावला होता. सुरुवातीचा गर्भ नुसत्या डोळ्यांना ओळखू येईल असा नसतोच.

गाईत मात्र डोळ्यांनाही बरंच दिसतं. कालवडीच्या गर्भाशयाच्या अस्तरावर बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांना कॅरंकल म्हणतात, शंभराच्या आसपास, आणि गाभण काळात गर्भाला पोसणारी जार यांनाच धरून राहते म्हणून ते फुगून तळहाताएवढे होतात. व्याल्यावर जार पडते, कॅरंकलचा वरचा थर गळून जातो आणि साधारण ९ किलोचं गर्भाशय महिन्याभरात १ किलोच्या आसपास येतं, मला तर हे दरवेळी अचाट वाटतं. पण सगळं पूर्ववत होत नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाडच राहतात आणि प्रत्येक वेताला त्यात भर पडते, त्यामुळे सगळा दोष वेतांवर जाणं साहजिक होतं.

खरा उलगडा घोड्यांमुळे झाला. गर्भाशयातून चिमूटभर तुकडा काढून, म्हणजे बायॉप्सी करून, जिवंत घोडीचं अस्तर तपासता येऊ लागलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट केनी यांनी त्याची प्रतवारी मांडली, पुढे तिचे I, IIA, IIB आणि III असे चार ग्रेड झाले, I सगळ्यात चांगला आणि III सगळ्यात खराब. खराब ग्रेडच्या स्लाइडवर ग्रंथींचे पुंजके दिसतात, भोवती तंतूंची कडी आवळलेली, त्या ग्रंथी सुरुवातीच्या गर्भाला लागणारा रस नीट पुरवू शकत नाहीत. ग्रेड III ला पिल्लू मिळायची शक्यता जेमतेम १० टक्के धरतात. आणि हेच तंतू कधीच न व्यालेल्या पण वय झालेल्या घोड्यांतही सापडले! म्हणजे रक्तवाहिन्यांवर वेतांची खूण राहते, ग्रंथींभोवतीचे तंतू मात्र मुख्यतः वयाने वाढतात. तरी अजून "एकही वेत नाही, गर्भाशय कोरं आहे" म्हणत लोक अशा वयस्क घोडीवर सीझनमागून सीझन घालवतात, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण एका बायॉप्सीत ते आधीच कळलं असतं.