दोन अॅम्प्लिफायर, स्पीकरची जोडी एकच

टीव्हीखाली पाच किंवा सात चॅनेलचा होम थिएटर रिसीव्हर. शेजारी गाण्यांसाठी जपलेला स्टिरिओ अॅम्प्लिफायर, त्याला सीडी प्लेअर किंवा रेकॉर्ड प्लेअर. हॉल मात्र बारा बाय सोळाचा आणि चांगल्या उभ्या स्पीकरची जोडी एकच. कोल्हापुरात ताराबाई पार्कातला फ्लॅट असो की मंगळवार पेठेतलं जुनं घर, दोन्ही यंत्रं घरात आली की प्रश्न पडतो: समोरचे दोन स्पीकर कुणाला द्यायचे?

पहिली मनाई इथेच. एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर दोन्ही यंत्रांच्या वायरी एकत्र बांधायच्या नाहीत. एका वेळी एकच यंत्र चालू ठेवणार असलात, तरीही नाही. कारण साध्या हिशेबात आहे. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, साधारण ८ ओहम. चांगल्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स ०.१ ओहमच्या आसपास. एका अॅम्प्लिफायरने १० व्होल्ट दिले की स्पीकरमधून सव्वा अॅम्पिअर प्रवाह जातो. पण त्याच टोकांना दुसरा चालू अॅम्प्लिफायर असेल, तर त्या १० व्होल्टसमोर दोन्हींचे मिळून ०.२ ओहमच उरतात आणि हिशेबाने प्रवाह ५० अॅम्पिअर होतो. नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शन सर्किट वेळेत तोडतं, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. बंद यंत्राच्या भरवशावरही राहू नये, कारण ते कधीतरी कुणीतरी चालू करतंच.

बरोबर उत्तर असं, की समोरचे दोन स्पीकर कायमचे स्टिरिओ अॅम्प्लिफायरला द्यायचे आणि सिनेमाच्या वेळी रिसीव्हरने त्या अॅम्प्लिफायरकडून काम करून घ्यायचं. त्यासाठी रिसीव्हरच्या आत काय चालतं ते पाहू. आत दोन खाती आहेत. पहिलं खातं आवाजाची आकडेमोड करतं: कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जायचा, किती उशिराने, किती मोठा. दुसरं खातं त्या बारीक सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतं. ज्या रिसीव्हरच्या पाठीवर 'प्री-आउट' नावाच्या आरसीए जोड्या (मधे पिन, भोवती कडं अशा गोल प्लगसाठीच्या) असतात, त्याने या दोन खात्यांमधलं दार बाहेर उघडून दिलेलं असतं. समोरच्या डाव्या-उजव्या प्री-आउटमधून सिग्नल काढून स्टिरिओ अॅम्प्लिफायरमध्ये घातला की झालं. सेंटर आणि मागचे स्पीकर रिसीव्हरवरच राहतात.

कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यापुढे येते. रिसीव्हरवरचं डॉल्बी म्हणजे मात्र ही वाटणी: ५.१ मध्ये पाच पूर्ण चॅनेल आणि सहावा फक्त खोल आवाजांचा, म्हणून तो '.१'. स्टिरिओचं मूळही या वाटणीपासून दूर नाही. इंग्लंडमधले अभियंता अॅलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांच्यासमोर सिनेमाचाच प्रश्न होता. नट पडद्यावर एका कडेहून दुसरीकडे जातो, त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येत राहतो. पहिला मराठी बोलपट म्हणून ज्याची नोंद होते तो प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरातच घडवला आणि तो १९३२ साली पडद्यावर आला. त्याचा आवाज एका चॅनेलचाच होता.

आता एवढा खटाटोप कशासाठी? रिसीव्हरमध्ये सात चॅनेल एकाच पॉवर सप्लायवर जगतात. डब्यावरचा '१०० वॅट' हा आकडा बहुतेक वेळा दोनच चॅनेल चालवून मोजलेला असतो. समोरचे दोन मोठे ग्राहक बाहेर काढले की उरलेली ताकद सेंटर स्पीकरला मिळते आणि सिनेमातले जवळपास सगळे संवाद त्याच्यातूनच येतात. तुमचे स्पीकर ४ ओहमचे असतील तर फायदा स्पष्ट जाणवेल. ८ ओहमच्या सोप्या स्पीकरवर, मध्यम आवाजात, सिनेमाला फारसा फरक पडणार नाही. खरी कमाई गाण्यांची: ती ऐकताना रिसीव्हर बंदच ठेवता येतो.

जोडणीत सगळ्यात जास्त गोंधळ व्हॉल्यूमचा होतो. प्री-आउटच्या सिग्नलवर रिसीव्हरचं व्हॉल्यूम आधीच लागू झालेलं असतं. स्टिरिओ अॅम्प्लिफायरचंही स्वतःचं बटण आहे. एका नळाला दोन तोट्या असल्यासारखं हे आहे. त्यातली एक जागच्या जागी पक्की करावी लागते, नाहीतर रोजचा हिशेब बिघडतो.

काही स्टिरिओ अॅम्प्लिफायरवर याचीच सोय असते. इनपुटवर 'होम थिएटर बायपास', 'मेन इन' किंवा 'पॉवर अॅम्प इन' असं लिहिलेलं असतं. या वाटेने आलेला सिग्नल व्हॉल्यूमच्या बटणाला न भेटता थेट ताकदीच्या भागात जातो. तिथली वाढ ठरलेली असते, अनेक अॅम्प्लिफायरमध्ये २९ डेसिबलच्या आसपास, म्हणजे व्होल्टेज साधारण २८ पट. प्री-आउटमधून १ व्होल्ट आला तर स्पीकरवर २८ व्होल्ट. ८ ओहमवर ती होते सुमारे ९८ वॅट. आकडे छान जुळतात. नवीन अॅम्प्लिफायर घेणार असाल तर बाकी सगळ्या गुणांच्या आधी ही सोय आहे का ते विचारा.

सोय नसेल तर साधं 'ऑक्स' किंवा कुठलंही लाइन इनपुट, म्हणजे सीडी प्लेअरसारख्या यंत्रासाठीचं, चालतं. 'फोनो' मात्र कधीच नाही. रेकॉर्डच्या सुईचा क्षीण सिग्नल वर आणण्यासाठी तिथे साधारण १०० पट जादा वाढ आणि खास टोन-दुरुस्ती असते. लाइन इनपुटवर व्हॉल्यूमचं बटण एका खुणेवर ठेवायचं, घड्याळाच्या अकरा किंवा बारावर, आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. पूर्ण वर नको, कारण बऱ्याच अॅम्प्लिफायरना बटण पूर्ण असताना ०.२ ते ०.५ व्होल्टही पूर्ण ताकदीला पुरतो. सिनेमा लावताना दर वेळी बटण ठिपक्यावर आणायचं. गाण्यांनंतर ते खाली राहिलं तर संवाद आणि मागचे आवाज ठीक, पण समोरचं संगीत दबलेलं, असा बेढब समतोल ऐकू येतो. वर राहिलं तर धोका स्पीकरला आहे.

प्रत्यक्ष जोडताना दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढा, नुसतं स्टँडबाय पुरत नाही. आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते, त्यामुळे चालू यंत्रात वायर घालताना क्षणभर ग्राउंड नसतं आणि स्पीकरमधून जोराचा भणभणाट येतो. मीटर-दीड मीटरची साधी, चांगल्या शिल्डची (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणाची) वायर पुरे. ती पॉवरच्या वायरीला समांतर नेऊ नका. गाठ पडलीच तर काटकोनात ओलांडू द्या. स्पीकरच्या वायरी रिसीव्हरमधून पूर्ण सोडवून स्टिरिओ अॅम्प्लिफायरवर लावा, लाल ला लाल, काळी ला काळी. रिसीव्हरचे ते दोन चॅनेल मोकळे राहिले तरी बिघडत नाही. चालू करताना अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. दोन्हींवर '१२ व्होल्ट ट्रिगर' असेल तर ३.५ मिमी जॅकची वायर हे काम आपोआप करते, पण 'आउट' रिसीव्हरकडे आणि 'इन' अॅम्प्लिफायरकडे असावं.

मग रिसीव्हरबरोबर येणारा माइक लावून मोजणी करा; त्यात रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि अंतर स्वतः मोजतो. जुनी मोजणी आता निरुपयोगी आहे, कारण समोरच्या स्पीकरमागची ताकद बदलली. माइक बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, शक्यतो ट्रायपॉडवर. सोफ्याच्या पाठीवर ठेवलेला माइक चुकीचं मोजतो. पंखे बंद. मोजणी झाल्यावर मेनूमध्ये समोरच्या दोन स्पीकरचे लेव्हलचे आकडे बघा. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ही हद्द उणे १२ ते अधिक १२ डेसिबल असते. आकडा उणे १२ वर अडकला असेल तर रिसीव्हरला आणखी खाली आणायचं होतं, पण जागा संपली. अशा वेळी अॅम्प्लिफायरचं बटण थोडं खाली घ्या, ठिपका पुसून नवा द्या आणि मोजणी पुन्हा करा. आकडा शून्याच्या आसपास आला की झालं. बायपासवर बटण नाही, तिथे आकडा जो येईल तो स्वीकारा. तो टोकाला अडकला तर लाइन इनपुट वापरा.

मोजणीत दिसणारं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त आलं तर घाबरू नका. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. काही नवे अॅम्प्लिफायर आलेला अॅनालॉग सिग्नल आत डिजिटल करतात, त्यात काही मिलिसेकंद जातात आणि रिसीव्हर तो उशीर अंतर समजून भरून काढतो. तो आकडा हाताने 'दुरुस्त' करू नका. 'फेज' चुकल्याचा इशारा आला तर मात्र वायरी तपासा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी झाली असेल तर गायकाचा आवाज मधोमध न येता विस्कटतो आणि खोल आवाज पातळ होतो.

सबवूफरकडे, म्हणजे खोल आवाजांच्या वेगळ्या स्पीकरकडे, लक्ष द्या, कारण इथे फसगत होते. सिनेमात रिसीव्हर समोरचे स्पीकर 'स्मॉल' धरून ८० हर्ट्झखालचा भाग सबवूफरला देतो. रिसीव्हर बंद करून गाणी लावली की सबवूफरला सिग्नलच जात नाही. उभे मोठे स्पीकर असतील तर चालून जाईल. छोटे असतील आणि सबवूफरला दोन्ही इनपुट एकाच वेळी चालत असतील, तर लाइन इनपुट रिसीव्हरकडून आणि स्पीकर-लेव्हल इनपुट स्टिरिओ अॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवरून द्या. रेकॉर्ड प्लेअर रिसीव्हरमधूनही ऐकावा म्हणून अॅम्प्लिफायरच्या 'रेक आउट'मधून (रेकॉर्डिंगसाठी सिग्नल बाहेर देणाऱ्या जोडीतून) रिसीव्हरकडे वायर नेण्याचा मोह टाळा. सिग्नल प्री-आउटमधून परत त्याच अॅम्प्लिफायरमध्ये येतो, वर्तुळ पूर्ण होतं आणि कर्कश शिट्टी सुटते.

रिसीव्हरला प्री-आउटच नसेल तर? 'सबवूफर प्री-आउट' किंवा 'झोन २' या कामाचे नाहीत. पहिल्यात फक्त खोल आवाज, दुसऱ्यात वेगळ्या खोलीसाठीचा स्टिरिओ. रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलवरून थेट आरसीए इनपुटमध्ये वायर टाकणं म्हणजे दोन व्होल्टच्या जागी पंचवीस-तीस व्होल्ट देणं. उरतो तो दोन अॅम्प्लिफायर आणि एक जोडी स्पीकर यांच्यासाठीचा निवड-स्विच. तो लाल-काळी दोन्ही टोकं बदलणारा हवा, कारण आजच्या अनेक डिजिटल अॅम्प्लिफायरचं काळं टोक ग्राउंड नसतं. आणि पहिला संपर्क पूर्ण तुटल्यावरच दुसरा जोडणारा हवा. फिरवताना दोन्ही यंत्रं बंद. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालू राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, तिथे हा स्विच वापरूच नये.

सगळं जोडून झाल्यावर 'हूं' असा एकसुरी आवाज आला तर तो बहुधा ५० हर्ट्झचा, म्हणजे विजेचा. दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला पोचली की आरसीएच्या शिल्डमधून बारीक प्रवाह फिरतो. आधी दोन्ही प्लग एकाच बोर्डवर घ्या; ६ अॅम्पिअरचा बोर्ड १३८० वॅटचा भार सोसतो आणि घरगुती ऐकण्यात दोन्ही मिळून तितकं खात नाहीत. तरी आवाज राहिला तर केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. तिथे थांबला तर दोष केबलच्या शिल्डचा, आणि त्या वायरीवर आयसोलेटर (शिल्डचा विजेचा संबंध तोडणारा छोटा जोड) बसवला की काम होतं. अर्थिंगची पिन तोडून किंवा टेप लावून हा आवाज घालवू नका, बिघाडाच्या क्षणी जीव तीच पिन वाचवते. जुन्या वायरिंगच्या घरात तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. पत्र्याच्या कडेला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर नक्कीच.

एप्रिल-मेचा वळीव गडगडायला लागला की प्लगबरोबर केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरीही काढा. विजेचा झटका त्या वाटेनेही आत येतो. पावसाळ्यात दमट हवेने आरसीएच्या कड्यांवर थर चढतो आणि एक बाजू मध्येच गप्प होते. यंत्रं बंद करून प्रत्येक प्लग तीन-चार वेळा गोल फिरवला की संपर्क साफ होतो. गणपतीत पाहुणे जमायच्या आधी हे एकदा करून ठेवा आणि बटण ठिपक्यावर आहे ना, तेही त्याच वेळी बघा.